असंयम आणि स्वैराचार

आपल्या धार्मिक लेखनात ‘असंयम’ व ‘स्वैराचार’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. आम्हांला ही केवळ भाषेची ढिलाई वाटत नाही. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘अक्रासिया’, म्हणजे स्वतःवर सत्ता नसणे. इ. स. पू. ४थ्या शतकात ॲरिस्टॉटलने ‘अकोलासिया’हून तो वेगळा काढला. पहिल्या अवस्थेत माणूस हित जाणतो, पण वासनेपुढे हरतो व पस्तावतो. दुसरीत तो भोगाचीच निवड करतो आणि त्याची खंतही बाळगत नाही. पहिला असंयम, दुसरा स्वैराचार.

असंयम म्हणजे कामवासनाच, हा समजही अपुरा आहे. संत पौल हा शब्द दांपत्यजीवनाविषयी वापरतात (१ करिंथ ७:५). परंतु प्रभू येशू शास्त्री-परूश्यांची कानउघाडणी करतात, तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानात (२३:२५) तोच शब्द लुबाडणुकीच्या शेजारी येतो. बाहेरून घासलेल्या ताटवाटीतली हाव हाही असंयमच.

पापनिवेदनाला आलेल्या दुबळ्यास स्वैराचारी म्हणणे म्हणजे त्याचा पश्चात्ताप नाकारणे होय; आणि असंयम शयनगृहापुरता ठेवला, की प्रतिष्ठित लोभी माणूस निर्दोष सुटतो. लेखकांनी व प्रवचनकारांनी हे दोन्ही अन्याय टाळावेत.