दीक्षित पॅटर्न: सल्ला, कारण आणि पुरावा वेगवेगळे वाचूया

पेटच्या तयारीत ‘कन्फाउंडिंग’ची व्याख्या सगळ्यांची पाठ असते, पण पुढ्यात एखादा खरा दावा आला की ती आठवत नाही. म्हणून आज उदाहरण घरातलंच घेतो. आमच्या सावदा-फैजपूर पट्ट्यात लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मी दीक्षित करतो." मग कोणाची शुगर किती उतरली, कोणाची गोळी सुटली, याचे हिशोब सुरू होतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कडक भूक लागते त्या दोन वेळा ठरवायच्या आणि तेव्हाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच. शिवाय ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांचा. तो व्याख्यानं, यूट्यूब आणि ‘विनासायास वेटलॉस’ या पुस्तकातून घरोघरी नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. याच्या अगदी उलट, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, असं सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर. मधल्या काळात अर्धा महाराष्ट्र या दोन पक्षांत वाटला गेला होता.

आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच आहे. या पॅटर्नमध्ये कोणी पावडर विकत नाही, सल्ला फुकट आहे. सुरुवातीला फास्टिंग इन्सुलिन आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) करा आणि तीन महिन्यांनी परत करा, असं सांगितलं जातं. ‘बरं वाटतंय’वर न थांबता आकडा मागणारा आहारसल्ला आपल्याकडे दुर्मीळ आहे. टाइप १ मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि १८ वर्षांखालच्या मुलांना यातून वगळलेलं आहे, हेही लक्षात ठेवा.

माझी तक्रार सल्ल्याबद्दल कमी आणि त्याच्या ‘कारणा’बद्दल जास्त आहे. गावात हे कारण असं पोचलंय: तोंडात काहीही टाकलं की इन्सुलिनचं एक माप पडतं, मग ते एक बिस्कीट असो की पूर्ण ताट. म्हणून जितक्या वेळा खाल तितकी मापं. ऐकायला छान आहे, अगदी केळीच्या घडांच्या मोजणीसारखं सोपं. पण शरीर असं मोजत नाही. इन्सुलिन किती सुटणार हे मुख्यतः अन्नात कर्बोदकं किती, कोणत्या प्रकारची, सोबत प्रथिनं किती यावर ठरतं. मूठभर शेंगदाण्यांचा आणि चार पोळ्यांचा प्रतिसाद सारखा नसतो. ५५ मिनिटांचंही तसंच. निरोगी माणसात इन्सुलिन जेवणानंतर साधारण अर्ध्या ते एक तासात टोकाला जातं आणि पुढच्या दोन-तीन तासांत खाली येतं. तिथे ५५ व्या मिनिटाला पडणारं शटर नाही. टाइप २ मध्ये तर सुरुवातीचा झपाटाच मंदावलेला असतो.

आता कोणी म्हणेल, कारण चुकीचं असलं तरी गुण येतोय ना? बरोबर. कारण चुकलं म्हणून परिणाम खोटा ठरत नाही, आणि परिणाम दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. संशोधनात येणाऱ्यांनी ही दोन खाती वेगळी ठेवावीत.

मग परिणामाचं खातं उघडू. माझ्या एका मामांनी हा पॅटर्न धरला तेव्हा काय काय बदललं ते बघा. दिवसाचे पाच साखरेचे चहा गेले. चारची शेव-मुरमुरे गेली. चालणं सुरू झालं. मधुमेहींना सांगतात तसं जेवणात आधी सॅलड, मोड आलेली कडधान्यं आणि मग पोळी असा क्रम आला. आणि हो, जेवणं दोन झाली. तीन महिन्यांनी शुगर उतरली. श्रेय कोणाला? मामा म्हणतात दोन जेवणांना. मला वाटतं निम्मं श्रेय त्या चहांचं असावं, पण माझ्याकडेही पुरावा नाही, कारण सगळं एकदमच बदललं. यालाच म्हणतात कन्फाउंडिंग. शिवाय माणूस पथ्य धरतो ते बहुधा शुगर फार वाढलेली दिसल्यावरच, आणि वर उसळलेला आकडा पुढच्या वेळी थोडा खाली येतोच. ज्यांना जमलं नाही ते पंगतीत बोलत नाहीत, हा तिसरा मुद्दा. आधी-नंतरचे रिपोर्ट शंभर असोत की दहा हजार, तुलनेचा गट नसेल तर हे तिन्ही प्रश्न तसेच राहतात.

दोन जेवणांचा प्रश्न जरा नीट विचारला तो प्रागमध्ये. हाना काहलेओव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये डायबेटोलॉजिया या जर्नलमध्ये तो अभ्यास छापला. टाइप २ चे ५४ रुग्ण, बारा आठवडे दोन मोठी जेवणं आणि बारा आठवडे सहा छोटी, प्रत्येकाने दोन्ही केलं. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच कमी केलेल्या. वजन दोन जेवणांत ३.७ किलो उतरलं, सहांमध्ये २.३ किलो. उपाशीपोटीची साखरही दोन जेवणांत जास्त उतरली. म्हणजे दीक्षित गट जिंकला? थांबा, मेथड्सचं पान वाचा. ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं. संध्याकाळनंतर काही नाही! आपल्याकडे ‘दोनदा’ म्हणजे बहुतेकांचं दुपारी बारा आणि रात्री नऊ, शेवटचं जेवण झोपायच्या तासभर आधी. तो पेपर या वेळापत्रकाला जसाच्या तसा लागू होत नाही. फक्त अॅबस्ट्रॅक्ट वाचून फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे कुठेच सांगितलेलं मला दिसलं नाही.

आपल्या वेळांच्या जवळचा अभ्यास शिकागोचा, २०२३ मधला. टाइप २ चे ७५ जण, तीन गट: एक फक्त दुपारी बारा ते रात्री आठ खाणारा, दुसरा रोज कॅलरी मोजून कमी खाणारा, तिसरा नेहमीसारखा. सहा महिन्यांनी तिसऱ्याच्या तुलनेत पहिल्या दोन्ही गटांचं एचबीएवनसी जवळपास सारखंच, सुमारे ०.९ ने उतरलं. वजन मात्र वेळ पाळणाऱ्यांचंच ठळकपणे घटलं. माझं वाचन असं: उपाशी राहण्याच्या तासांत जादू नाही, पण ‘आठनंतर नाही’ हा नियम कॅलरी मोजण्यापेक्षा पाळायला सोपा आहे. आणि मधुमेहात वजन उतरणं ही छोटी गोष्ट नाही. ब्रिटनच्या डायरेक्ट ट्रायलमध्ये रोज साधारण ८५० कॅलरीवर तीन ते पाच महिने ठेवल्यावर, वर्षाअखेर ४६ टक्के लोक गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. तुलनेच्या गटात ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. मात्र हे सगळे सहा वर्षांच्या आत निदान झालेले होते आणि कोणीही इन्सुलिनवर नव्हतं. वीस वर्षं जुन्या शुगरवाल्या आजोबांना हा आकडा दाखवू नका.

इथे आपल्या पारंपरिक उपवासाचंही बोलायला हवं, कारण "मी तर चातुर्मास करतेच" हे उत्तर घरोघरी मिळतं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅमला जवळपास ८७ ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं नावाला. त्यात आमचा तर केळीचा मुलूख, उपवासाला वेफर्सची पिशवी आणि दोन केळी ठरलेली. हा आहारातला बदल झाला, खाण्यात खंड नव्हे. साखरेच्या दृष्टीने त्या दिवशीची वरण-भाकरी बरी पडली असती.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग: गोळ्या. मेटफॉर्मिन एकटी असेल तर उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीला जाणं विरळ. पण आपल्याकडे तिच्याच जोडीने ग्लिमेपिराईड सर्रास दिलेली असते. ती तुम्ही जेवलात की नाही हे न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर लांब उपवास केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. रमजानमध्ये काय होतं हे २००१ मध्ये १३ देशांत तपासलं गेलं, एपिडायर नावाने. टाइप २ मध्ये गंभीर हायपोग्लायसेमियाचं प्रमाण महिन्याला दर १०० रुग्णांमागे ०.४ वरून ३ झालं. ‘साडेसात पट’ असं छापलं की भीती वाटते, ‘शंभरात तीन’ म्हटलं की किरकोळ वाटतं. दोन्ही आकडे एकत्रच द्यायचे, ही सवय आतापासून लावा. रोज्यांसाठी डोस कसे बदलायचे याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. एकादशीवाल्या मावशी मात्र सकाळी नेहमीची गोळी घेऊन दुपारी दोनपर्यंत निरंकार बसतात. उपवास सुरू करण्याआधी डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवून डोस विचारणं इथे खिचडीपेक्षा महत्त्वाचं.

समजा उद्या कोणी याच पट्ट्यात ट्रायल करायची ठरवली. चालणं, सॅलड, बिनसाखरेचा चहा दोन्ही गटांना सारखंच द्यायचं, फरक फक्त जेवणांच्या संख्येत. गोळ्यांचा डोस प्रत्येक भेटीत नोंदवायचा, नाहीतर साखर गोळीने उतरली की जेवणाने हे कळणार नाही. यावल-रावेरच्या सातपुड्यालगतच्या गावांत सिकलसेलचीही तपासणी लागेल, कारण सिकलसेल वाहकांमध्ये एचबीएवनसी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. आणि केळी कापणारे मजूर वगळायचे नाहीत. ते पहाटे खाऊन निघतात, मे महिन्यात ४५ अंशांत घड वाहतात. दुपारी बाराला पहिलं जेवण हे वेळापत्रक मुळात दुकानात किंवा ऑफिसात बसणाऱ्याचं आहे, त्यामुळे गळती कोणत्या गटात होईल आणि ती कशी मोजायची, हे प्रोटोकॉलमध्ये पहिल्या दिवशीच लिहावं लागेल.