भस्मासुराचा अंत आणि वर देणारा

१

मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ या ग्रंथाच्या अध्ययनाच्या निमित्ताने पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसह कपिलधारला जाण्याचा योग आला. बीड जिल्ह्यातील या डोंगरकपारीत, धबधब्याच्या सान्निध्यात, स्वामींची संजीवन समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून वीरशैव भाविकांच्या दिंड्या येथे येतात. आदल्याच आठवड्यात वर्गाने ‘डेर उंटरगांग’ (२००४) हा जर्मन चित्रपट पाहिला होता. समाधीचे दर्शन घेऊन बाहेर आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ‘संताच्या अखेरीच्या वर्णनाने डोळे भरून येतात हे समजते. पण बंकरमधल्या हिटलरचा थरथरणारा हात पाहूनही गळा का दाटावा? आणि दाटलाच, तर दोष आपला की कलाकृतीचा?’

प्रश्न भाबडा नाही. हुकूमशहाचे अखेरचे दिवस हा युद्धविषयक ऐतिहासिक नाट्याचा एक स्थिर रूपबंध झाला आहे. हिटलरपुरते पाहिले तरी पाब्स्टचा ‘डेर लेट्झ्टे आक्ट’ (१९५५), ॲलेक गिनेसची भूमिका असलेला ‘हिटलर : द लास्ट टेन डेज’ (१९७३) आणि ऑलिव्हर हिर्शबीगेल दिग्दर्शित ‘डेर उंटरगांग’ अशी त्याची परंपरा सांगता येते. या रूपबंधाची स्वतःची अशी एक नैतिक दिशा आहे काय, आणि मराठी नाट्यपरंपरेच्या व मराठवाड्याच्या इतिहासानुभवाच्या संदर्भात तिचा विचार कसा करता येईल, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

२

या रूपबंधाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे कालसंकोच. ‘डेर उंटरगांग’मध्ये नोव्हेंबर १९४२ चा एक छोटा प्रसंग आरंभी येतो, त्यानंतर कथानक थेट २० एप्रिल १९४५ ला, हिटलरच्या वाढदिवसाला, येऊन पोचते. ३० एप्रिलला तो आत्महत्या करतो. म्हणजे बारा वर्षांच्या सत्तेतील शेवटचे दहाबारा दिवसच प्रेक्षकासमोर प्रामुख्याने उरतात. हा संकोच केवळ सोयीचा नाही. बारा वर्षे जो कर्ता होता, तो या दहा दिवसांत भोक्ता झालेला असतो. सैन्ये नकाशावर उरतात, आज्ञा पोचत नाहीत, विश्वासातली माणसे निघून जातात, शरीर साथ देत नाही. कर्तृत्व चौकटीबाहेर आणि भोग चौकटीत, अशी ही रचना आहे. करुण रसाचे आलंबन भोक्ताच असतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या चित्तात करुणेची छटा उमटली तर त्यात प्रेक्षकाचा दोष नाही. रचनेनेच त्याला तेथे नेलेले असते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. हिटलरला राक्षस म्हणून रंगविले की इतर सारे आपोआप निर्दोष ठरतात; म्हणून त्याला माणूस म्हणून दाखविणेच अधिक जबाबदारीचे आहे, असा हा युक्तिवाद आहे. तो मान्य करावयास हवा. ब्रूनो गान्झचा हिटलर सेविकांशी सौजन्याने बोलतो, कुत्रीवर माया करतो आणि त्याच श्वासात स्वतःच्या जनतेच्या विनाशाबद्दल बेफिकिरी दाखवितो, हे या चित्रपटाचे सामर्थ्यच आहे. प्रश्न माणूसपणाचा नाही. त्या माणूसपणाला रचनेतून कोणती प्रतिष्ठा मिळते, याचा आहे.

येथे आपल्या नाट्यशास्त्रातील एक संकेत उपयोगी पडतो. ख्यातकीर्त नायकाचा वध रंगमंचावर दाखवू नये, असे भरत सांगतो; ‘दशरूपक’कार धनंजयही तोच निषेध करतो. आडपडद्यातला मृत्यू हा अशा प्रकारे नायकाचा अधिकार ठरतो. ‘डेर उंटरगांग’मध्ये हिटलर आणि एव्हा ब्राउन यांच्या मृत्यूच्या वेळी दार बंद होते आणि कॅमेरा बाहेर राहतो. गोबेल्सच्या सहा मुलांना त्यांची आई विष देते तो प्रसंग मात्र सावकाश, एकेका मुलाजवळ थांबत दाखविला जातो. हा मृत्यू न दाखविण्यावर दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी कठोर टीका केली होती. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, ज्याला नायक मानण्याचे चित्रपट विचारपूर्वक टाळतो, त्याला नायकाचा संकेत मात्र तो बहाल करतो.

याच्या अगदी उलट उदाहरण भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’ या एकांकीचे. तेथेही युद्धाचा शेवट आहे आणि सत्तांधाची अखेरची घटका आहे. मांड्या भग्न झालेला दुर्योधन सरपटत येतो. आंधळा पिता आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली माता त्याला शोधीत येतात. लहानगा दुर्जय मांडीवर बसू पाहतो. करुणाची सामग्री येथे बंकरमधल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. मात्र दुर्योधनाचा शेवट प्रेक्षकाच्या नजरेसमोर होतो, आणि त्याआधी तो अश्वत्थाम्याला स्वतःच्या करणीची आठवण देतो. द्यूतसभेत द्रौपदीचे केस ओढले गेले, कोवळ्या अभिमन्यूला मारले, पांडवांना कपटाने वनवासी केले. त्या मानाने आपल्या वाट्याला आलेले थोडेच, असे तो म्हणतो. मुलाला तो पांडवांची सेवा करावयास सांगतो. चौकटीबाहेर गेलेले कर्तृत्व भोक्त्याच्याच मुखाने परत रंगमंचावर येते. ‘ऊरुभंग’मधील करुण रस म्हणूनच फसवा वाटत नाही, त्याची किंमत दुर्योधनाने कबुलीत मोजलेली आहे.

३

या रूपबंधाचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे, पण समीक्षेत कमी चर्चिलेले आहे. अखेरच्या दिवसांची कथा सांगतो तो उरलेला माणूस. ‘डेर उंटरगांग’ योआखिम फेस्टच्या इतिहासग्रंथावर आणि हिटलरची चिटणीस ट्राउडल युंगे हिच्या आठवणींवर आधारलेला आहे. चित्रपटाच्या शेवटी प्रत्यक्ष वृद्ध युंगे दिसते आणि तरुण वय ही सबब होऊ शकत नाही, असे स्वतःविषयी सांगते. चित्रपटातील ही सर्वांत प्रामाणिक मिनिटे होत. परंतु इतर उरलेल्यांना ही कसोटी लावलेली नाही. डॉक्टर शेंक चित्रपटात जवळजवळ विवेकाचा आवाज होऊन वावरतो. प्रत्यक्षात माउथहाउझेन छळछावणीतील कैद्यांवरच्या आहारविषयक प्रयोगांशी त्याचा संबंध होता. श्पेअर येथे विध्वंसाच्या आज्ञा न पाळणारा सुसंस्कृत सहकारी म्हणून निरोप घेतो. न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली होती. मरणारा सारे पाप बरोबर घेऊन जातो आणि उरलेले धुऊन निघतात, असा या रचनेचा अंतःस्थ व्यवहार आहे.

मराठीत या विषयावरील वि. ग. कानिटकरांच्या प्रसिद्ध ग्रंथाचे नाव ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ असे आहे. जर्मन शीर्षकात केवळ अस्त आहे. मराठी शीर्षकात उदयही आहे. त्याहून अर्थपूर्ण आहे ती भस्मासुराची प्रतिमा. तो स्वतःच्याच हाताने भस्म होतो, एवढेच आपण सहसा लक्षात ठेवतो. परंतु ती कथा वर देणाऱ्यावाचून सुरूच होत नाही. शिवाय वर देणाऱ्यालाच पुढे आपल्या निर्मितीपुढे जीव मुठीत धरून पळावे लागते, आणि त्यामुळे श्रोत्यांच्या मनात तोही पीडितांत जमा होतो. अखेरच्या दिवसांच्या प्रत्येक नाट्याला म्हणून एक प्रश्न विचारला पाहिजे: यात वर देणारा कोठे आहे?

४

हा प्रश्न मराठी रंगभूमीने पूर्वीच विचारलेला आहे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. त्याच्या ऐतिहासिकतेवरील वाद येथे बाजूला ठेवू. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर घाशीरामाच्या अखेरीत या रूपबंधातील सारे घटक आहेत. जुलमी सत्ताधीश आहे, कोंडून मेलेल्या ब्राह्मणांमुळे उसळलेला क्षोभ आहे, जमावाच्या हातून येणारा मृत्यू आहे. हा मृत्यू दाराआड होत नाही, आणि दुर्योधनाप्रमाणेच घाशीरामही मरताना स्वतःच्या करणीची, मुलीच्या केलेल्या मातेऱ्याची कबुली देतो.

परंतु तेंडुलकर तेथे थांबत नाहीत. घाशीराम पडल्यावर नाना येतो, पुण्यावरची पीडा टळली असे जाहीर करतो आणि उत्सवाची आज्ञा देतो. कोतवालीचा वर देणारा नानाच होता; आपली पापे परस्पर घाशीरामाच्या खाती जमा होतील, हा हिशेब त्याने आरंभीच मांडलेला असतो. म्हणजे ‘जुलूम संपला’ हे निवेदन नाटककाराचे नसून पात्राचे आहे, आणि तेही सर्वाधिक लाभ झालेल्या पात्राचे. अंताची कथा सांगणाऱ्यालाच तेंडुलकरांनी रंगमंचावर उभे केले. ‘डेर उंटरगांग’ला युंगेच्या रूपाने जे अंशतः साधले, ते येथे संपूर्ण नाट्यरचनेचा कणा झाले आहे.

५

कपिलधारच्या परिसरात बसून हे सारे बोलताना आणखी एक प्रकरण टाळता येत नाही. बीडसह मराठवाड्याचे जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. कोसळत्या राजवटीचे हे पाच दिवस म्हणजे नाटककारापुढे सिद्ध असलेली संहिताच. तिचे पहिले निवेदन कोणी केले? खुद्द निजामाने. २३ सप्टेंबरच्या नभोवाणी भाषणात त्याने सांगितले, की कासिम रझवीच्या नेतृत्वाखालील एका लहान गटाने हिटलरी पद्धतीने राज्य बळकावले होते आणि आपण असहाय झालो होतो. हिटलरचे रूपक वापरणारा येथे वर देणाराच आहे.

पुढचा इतिहास परिचित आहे. लातुरात वकिली केलेला रझवी तुरुंगात गेला आणि १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात निघून गेला. निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. राजकीय शहाणपण म्हणून या तडजोडीचे समर्थन करता येईल. पण कथनाच्या दृष्टीने पाहता घाशीराम गेला आणि नाना राहिला. उरलेल्यांच्या ग्रंथांची शीर्षकेही बोलकी आहेत. संस्थानचे अखेरचे पंतप्रधान लायक अली यांनी आपल्या ग्रंथाला ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ म्हटले, तर भारत सरकारचे तेथील प्रतिनिधी क. मा. मुन्शी यांनी ‘द एंड ऑफ ॲन एरा’. एकाची शोकांतिका, दुसऱ्याचा युगान्त. अंताविषयी मात्र दोघांनाही शंका नाही. अलीकडच्या मराठी (२०१५) व तेलुगू (२०२४) चित्रपटांची शीर्षके पाहावीत. दोहोंचे नाव ‘रझाकार’. शीर्षकात भस्मासुर आहे, वर देणारा नाही.

आणि अंत तरी कोठे झाला होता? रझाकारांचे अत्याचार हे निर्विवाद सत्य आहे. मराठवाड्यातील घरोघर त्याच्या आठवणी आहेत. परंतु केंद्र सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर झालेल्या, प्रामुख्याने मुस्लिमांच्या, हत्यांचाही तपास केला. मृतांचा तिचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे तिने नोंदविले. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. ‘ऊरुभंग’च्या अखेरीस अश्वत्थामा रात्रीच्या संहाराची प्रतिज्ञा करून निघतो. आपल्या अखेरच्या दिवसांच्या कथांत ती रात्र बहुधा वगळलेली असते.

माझ्या आजोबांच्या सांगण्यात रझवी फारसा येत नसे आणि निजाम तर नावापुरताच. येत असे ते रात्री शेतात लपून काढलेले दिवस, पेवात राहिलेले धान्य. आणि मग आवाज खाली आणून, पलीकडच्या आळीतून निघून गेलेले एक कुटुंब, ज्याच्या घराचे पुढे काय झाले हे ते कधी पुरते सांगत नसत. सांगता सांगता थांबण्याची ती जागा मला बंकरच्या बंद दारापेक्षा अधिक नाट्यपूर्ण वाटते. कारण तेथे उरलेला माणूस स्वतःला वगळून बोलू शकत नाही.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे तर, मराठीत अखेरच्या दिवसांचे सर्वांत जुने आणि श्रेष्ठ कथन नामदेवांच्या समाधिप्रकरणाचे आहे. ज्ञानदेवांच्या समाधीचा तो सोहळा सांगताना नामदेव जाणाऱ्याइतकेच उरलेल्यांना, निवृत्तिनाथांच्या आणि स्वतःच्या विकलतेला, उघडे करतात. जाणाऱ्याच्या आड ते लपत नाहीत. हुकूमशहाच्या अंताचे नाट्य आणि समाधीचे वर्णन यांची बरोबरी अर्थातच होऊ शकत नाही. साक्षीदाराची कसोटी मात्र दोहोंना एकच. गळा दाटला म्हणून शरमण्याचे कारण नाही; तो दाटत असताना आपली नजर दाराबाहेर उभ्या असलेल्यांवरून ढळली काय, एवढे मात्र प्रेक्षकाने स्वतःला विचारावे. मराठवाड्याच्या त्या पाच दिवसांवर जो कोणी नाटक लिहील, त्याने नभोवाणीवरून बोलणारा तो आवाज आणि आजोबांचे ते थांबणे, ही दोन्ही एकाच रंगमंचावर आणावीत.