नाट्यगृह कुणाचं?

आपल्या शहरात नाट्यगृहाची चर्चा खुर्च्या, एसी आणि साउंडवर येऊन थांबते. ते सगळं हवंच. व्हीलचेअरसाठी उतारही हवा. पण दार उघडं असूनही माणूस आत का येत नाही?

याचं उत्तर इथंच, नागसेनवनात सापडतं. डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ लिहिलं. विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केलं. अस्पृश्यतेचा युगायुगांचा प्रवास त्यात आहे. आज ते बोधप्रधान वाटेल. पण ज्यांचं दुःख, तेच रंगमंचावर होते. ही साधी गोष्ट नव्हे.

2012 चं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आणखी पुढे जातं. लेखक राजकुमार तांगडे जालन्याकडचे, बरेचसे नटही तिकडचेच. मराठवाडी बोली एरवी नाटकात हशा मिळवायला येते. इथं तीच बोली सत्तेची फिरकी घेते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रंगमंदिराची डागडुजी करताना वस्तीतल्या पोरांना तालमीला जागा द्या, परवडेल असं भाडं ठेवा. रंगमंचावर आपलं माणूस दिसलं, की प्रेक्षक पत्ता विचारत येतो.