मुंबई-दुबई : एका ओळीचे रसग्रहण

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर तिमाहीला आंतरराष्ट्रीय वाहतुकीचे तक्ते काढते. एकात विमान कंपन्या, एकात देश, एकात शहरांच्या जोड्या. पहिले दोन कामापुरते चाळावेत. खरा रस शहरांच्या तक्त्यात आहे. तिथे प्रत्येक ओळीत दोन शहरे शेजारी बसतात आणि पुढे चार आकडे येतात: गेलेले प्रवासी, आलेले प्रवासी, गेलेला माल, आलेला माल. विशेषण नाही, क्रियापद नाही. इतकी काटकसर चांगल्या कवीलाही साधत नाही.

मुंबई-दुबईची ओळ घ्या. भारतातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गांत ती वर्षानुवर्षे आहे. एमिरेट्स 1985 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या मोजक्या पहिल्या मुक्कामांत मुंबई होतीच. प्रवाशांचे दोन आकडे एकमेकांच्या आसपास राहतात, कारण गेलेला माणूस बहुधा परततो. मालाचे दोन आकडे मात्र क्वचितच जुळतात. खोका परतीचे तिकीट काढत नाही. त्यामुळे एका बाजूने जागेसाठी मारामार, तर दुसऱ्या बाजूने भाडे पाडून माल शोधायची वेळ. शिवाय मालाचा रकाना वजन सांगतो, किंमत सांगत नाही. टनभर कोथिंबीर आणि टनभर औषधे त्याच्या लेखी सारखीच.

माल आणि माणसे एकाच ओळीत का, याचे उत्तर 2020 ने दिले. त्या वर्षी कोरोनामुळे 23 मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबली. ती पूर्ववत व्हायला 27 मार्च 2022 उजाडले. प्रवासी विमाने बसून राहिली तशी त्यांच्या पोटातली मालाची जागाही गेली आणि भाडी भडकली. ऐन हंगामात हापूस परदेशी पाठवणाऱ्यांना याची झळ बसली. या पोटातल्या जागेला पर्याय असलेल्या मालवाहू विमानांना आपण 1990 च्या दशकात आकाश मोकळे केले होते. त्याला 2020 मध्येच मुरड घातली गेली: परदेशी कंपन्यांच्या अनियमित मालवाहू फेऱ्या सहा विमानतळांपुरत्या ठेवल्या. मुंबई त्यांत आहे. मिहान प्रकल्पाच्या नावाने मालवाहतुकीचे केंद्र व्हायची स्वप्ने पाहणारे नागपूर नाही.

आता या ओळीने जे सांगितलेले नाही, ते. मुंबईहून दुबईमार्गे शिकागोला निघालेली बाई या तक्त्यात दुबईची प्रवासी ठरते. शिकागो तिच्या तिकिटावर असते, ओळीत नसते. तक्ता विमान कुठे उतरले ते सांगतो. माणूस कुठे निघाला होता, ते नाही. दुबईला कामावर जाणारा गवंडी, खरेदीला निघालेले कुटुंब आणि चार तास विमानतळावर ताटकळून पुढचे विमान पकडणारा विद्यार्थी, तिघांची बेरीज एकच.

धोरणाचे भांडण नेमके या बेरजेवरून आहे. भारत-दुबई हवाई वाहतूक करारात 2014 पासून प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66 हजार जागा आहेत. दुबईला त्या वाढवून हव्यात, दिल्ली हात आखडता घेते. दुबई या ओळीत मागणी वाचते: प्रवासी आहेत, जागा द्या. दिल्ली त्याच ओळीत गळती वाचते: हे प्रवासी अमेरिका-युरोपचे, त्यांना आपल्या विमानांनी थेट न्यावे. एकच ओळ, दोन अर्थ, आणि दोन्ही अर्थ लावणाऱ्यांचा त्यात धंदा.

मला दिल्लीचा अर्थ अर्धाच पटतो. थेट विमान असेल तर ते कोणाला नको आहे? पण कमी जागांनी तिकीट महागते आणि भुर्दंड पडतो तो गवंड्याला, ज्याला खरोखर दुबईलाच जायचे असते. गळती किती आणि मागणी किती, हे वेगळे काढल्याशिवाय या वादात कोणाचीच बाजू घेता येत नाही. अमेरिकेत तिकिटांचा नमुना घेऊन प्रवाशाचे मूळ आणि अंतिम ठिकाण नोंदायची पद्धत काही दशकांची आहे. विमान कंपन्यांकडे ही माहिती असतेच, तिकीट त्यांनीच विकलेले असते. डीजीसीएने ती नावे वगळून मागवावी आणि याच तक्त्यात, याच ओळीत, पाचवा रकाना छापावा.