ओपन द डोअर, रिचर्ड

ओपन द डोअर, रिचर्ड : एक अमेरिकन विनोदी गीत. शीर्षकाचा अर्थ ‘रिचर्ड, दार उघड’ असा असून तेच या गीताचे ध्रुवपदही आहे. १९४६ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि १९४७ च्या पहिल्या काही महिन्यांत निरनिराळ्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांद्वारे ते अमेरिकाभर पसरले. आज त्याचा समावेश ‘रिदम अँड ब्लूज’ या संगीतप्रकारात करण्यात येतो. तथापि ही संज्ञा बिलबोर्ड या व्यवसाय-साप्ताहिकाने १९४९ मध्ये स्वीकारली. तत्पूर्वी कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिका ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या वंशवाचक नावाने ओळखल्या जात.

गीताचे मूळ कृष्णवर्णीयांच्या विविधरंजन-रंगभूमीवरील एका प्रहसनात आहे. डस्टी फ्लेचर हा विनोदी नट न्यूयॉर्कमधील हार्लेम भागातील अपोलो नाट्यगृहात व अन्यत्र ते अनेक वर्षे सादर करीत असे. जॉन मेसन या नटाचाही या प्रहसनाशी निकटचा संबंध होता. मद्यपान करून अपरात्री परतलेला एक मनुष्य, आत झोपलेला त्याचा सोबती रिचर्ड, किल्ली रिचर्डपाशी आणि दार बंद, एवढेच त्याचे कथानक. फ्लेचर रंगमंचावर कशाचाही आधार नसलेली शिडी उभी करी, तीवर चढे आणि कोसळे. प्रयोगाचा बराचसा परिणाम या शारीरिक कसरतीवर अवलंबून होता.

प्रहसनाचे गीतात रूपांतर करण्याचे श्रेय सॅक्सोफोनवादक जॅक मॅकव्ही याला दिले जाते. लायनेल हॅम्पटनच्या वाद्यवृंदात असताना हे प्रहसन त्याच्या परिचयाचे झाले होते. त्याने संवादांना एक छोटी, पुनःपुन्हा येणारी सुरावट जोडली व ध्रुवपद समूहस्वरात गाण्याची योजना केली. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या लॉस अँजेल्समधील कंपनीने त्याची ध्वनिमुद्रिका काढली. पुढे शब्दांचे श्रेय फ्लेचर व मेसन यांना आणि संगीताचे श्रेय मॅकव्ही व डॉन हॉवेल यांना मिळाले. वर्षानुवर्षे रंगमंचावर मौखिक रीतीने वाढलेल्या कृतीवर एकाच कर्त्याची मुद्रा उमटविणे किती अवघड असते, हे या चार नावांवरूनच ध्यानात येते.

थोड्याच अवधीत इतक्या ध्वनिमुद्रिका निघण्यामागे कायदेशीर व्यवस्थाही कारणीभूत होती. १९०९ च्या अमेरिकन स्वामित्व-कायद्यानुसार, एखादे गीत मालकाच्या संमतीने एकदा ध्वनिमुद्रित झाले, की ठरावीक शुल्क देऊन कोणालाही ते पुन्हा मुद्रित करता येई. हे शुल्क प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट एवढे होते. प्रत्यक्ष गायनवादनाला, म्हणजे ध्वनिमुद्रणाला, संघीय कायद्याचे संरक्षण १९७२ पर्यंत नव्हते. त्यामुळे छोट्या कंपनीने लोकप्रिय केलेले गीत विस्तृत वितरणव्यवस्था असलेल्या मोठ्या कंपन्या त्वरित उचलीत. गीतकाराला शुल्क मिळे. परंतु एखाद्या कलावंताची सादरीकरणातील कल्पना दुसऱ्याने उचलली, तर त्याला काहीही मिळत नसे. जे गीत मुळात सादरीकरणातूनच निर्माण झाले, त्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

मॅकव्हीच्या ध्वनिमुद्रिकेत वादकच आपसांत बोलत, रेंगाळत दारापर्यंत येतात. सुरावट मुद्दाम जड पावलांची ठेवलेली आहे. संवाद व संगीत यांचा तोल येथे सर्वांत चांगला साधला आहे. ‘नॅशनल’ कंपनीसाठी खुद्द फ्लेचरने केलेली ध्वनिमुद्रिका तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापते. तीत संगीत नाममात्र असून स्वगत प्रधान आहे. शिडी दिसत नसल्याने काही जागा रिकाम्या वाटतात; पण पात्राचे एकाकीपण मात्र याच आवृत्तीत खरे वाटते. काउंट बेसीच्या वाद्यवृंदाने ‘आरसीए व्हिक्टर’साठी हे गीत मुद्रित केले, त्यात हॅरी एडिसन व बिल जॉन्सन यांचे आवाज आहेत. वृंदाची लय निर्दोष असली, तरी एवढ्या भक्कम वाद्यमेळापुढे दाराबाहेरचा माणूस हरवून जातो. ‘द थ्री फ्लेम्स’ या त्रयीने ‘कोलंबिया’साठी केलेली आवृत्ती याउलट आटोपशीर व खेळकर आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये या दोन्ही आवृत्त्या लोकप्रियतेच्या राष्ट्रीय यादीत अग्रस्थानी पोहोचल्या. लुई जॉर्डनची ‘डेका’ कंपनीची आवृत्ती विनोदाच्या नेमक्या वेळेसाठी उल्लेखनीय आहे. शब्द कोठे सोडावा व कोठे अडवावा, याची जाण त्याच्याइतकी इतर कोणालाही नव्हती. ‘द पाइड पायपर्स’ या श्वेतवर्णीय गायकगटाच्या आवृत्तीत मात्र मूळ परिसराचा संदर्भ तुटून केवळ गमतीदार ध्रुवपद उरते.

हे गीत कृष्णवर्णीयांचे हास्यास्पद चित्र रंगविते, असा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार नाही. मद्यपी, आळशी व कर्जबाजारी कृष्णवर्णीय हा श्वेतवर्णीयांच्या करमणुकीतील रूढ साचा होता. तथापि प्रहसनातील एका विनोदाकडे लक्ष दिले पाहिजे. रिचर्ड घरातच असला पाहिजे, कारण बाहेर जाण्याचे कपडे मी घातले आहेत, असे दाराबाहेरचा मनुष्य सांगतो. दोघांत मिळून कपड्यांचा एकच जोड आहे, हे त्यातून कळते. हसणाऱ्या हार्लेमच्या प्रेक्षकाला ही ओढग्रस्त परिचयाची होती. तो त्या पात्राला दुरून नव्हे, तर शेजारून पाहत होता. ज्या आवृत्तीत हा शेजार टिकतो ती सरस व ज्यात तो तुटतो ती निकस, असा निकष या गीताच्या बाबतीत लावणे युक्त ठरेल.

ध्रुवपदाला मिळालेला सामाजिक अर्थ या निकषाला पुष्टी देतो. लॉस अँजेल्स सेंटिनल या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने नगरप्रशासनात प्रतिनिधित्व मागताना गीताचे शीर्षक अग्रलेखाला दिले. १९४७ मध्ये जॉर्जिया राज्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वंशविभेदाचा पुरस्कर्ता हर्मन टॅल्मेज याच्या विरोधात मोर्चा काढला. त्यांच्या फलकांवर रिचर्डच्या जागी हर्मनचे नाव घालून दार उघडण्याची मागणी केलेली होती. बंद दाराबाहेर ताटकळण्याचा अनुभव समाजाच्या परिचयाचा असल्यानेच एका थट्टेच्या वाक्याला घोषणेचे बळ आले.

पुढे बॉब डिलन व ‘द बँड’ यांनी १९६७ मध्ये या ध्रुवपदाचा आधार घेतलेले, डिलनने रचलेले एक स्वतंत्र गीत मुद्रित केले. ते १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात होमर हे नाव असले, तरी प्रत्यक्ष गायनात रिचर्डच ऐकू येतो. मूळ गीताची लाट १९४७ मध्येच ओसरली. संगीतरचना म्हणून त्याचे मोल बेताचेच आहे. मात्र रंगभूमीवरील मौखिक विनोद ध्वनिमुद्रिकेत शिरताना काय टिकते व काय गळून पडते, याचा तुलनात्मक अभ्यास करण्यास त्याच्या या आवृत्त्यांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.