रोगवाचक संज्ञांतील 'जन्य': एक चिकित्सा

आरोग्यविषयक मराठी लेखनात 'संसर्गजन्य', 'जलजन्य', 'कीटकजन्य', 'जिवाणुजन्य', 'विषाणुजन्य' ह्या संज्ञा एकाच पंक्तीस बसविलेल्या आढळतात. त्यांची घडण सारखी असल्याने त्या एकाच प्रकारचे ज्ञान देतात, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. 'जन्य' म्हणजे उत्पन्न होणारे. जिवाणू हे रोगाचे कारण होय. म्हणून 'जिवाणुजन्य' हा समास अन्वर्थक ठरतो. पाणी मात्र रोग उत्पन्न करीत नाही. ते रोगजंतू वाहून नेते. डासही वाहकच. संसर्ग ही तर केवळ क्रिया. कारण, वाहक आणि क्रिया ह्या तीन भिन्न कोटींना एकच उत्तरपद जोडल्याने रोगजंतूची ओळख आणि त्याच्या प्रसाराचा मार्ग हे दोन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळतात.

ते स्वतंत्र आहेत, याची साक्ष इतिहास देतो. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो याने पटकीचा संबंध ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याशी जोडला व पंपाचा दांडा काढावयास लावला. साथ तोवर ओसरू लागली होती. तथापि मार्ग बरोबर ओळखला गेला होता. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख याने निश्चित केला तो १८८३-८४ मध्ये. मुंबईत याच्या उलट घडले. प्लेगचा जंतू येर्सिन याने १८९४ मध्येच हाँगकाँग येथे शोधला होता. तरीही १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा घरे व गटारे जंतुनाशक द्रवांनी धुणे आणि माणसांना विलग करणे, यांवरच भर राहिला. उंदरावरील पिसू हा वाहक असल्याचे सीमाँ याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. शिवाय त्याच जंतूमुळे होणारा फुप्फुसाचा प्लेग श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जातो. प्लेगला नुसते 'संसर्गजन्य' म्हटले असता हा भेद लोप पावतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'औपसर्गिक' रोगांविषयी बोलताना स्पर्श, श्वास, सहभोजन, सहशय्या असे मार्ग पृथक् सांगितले आहेत. तेथे आधुनिक जंतुविज्ञान शोधणे अनाठायी होय. परंतु मार्गांची वेगळी नोंद करण्याचा विवेक अनुकरणीय आहे.

रूढी व्युत्पत्तीहून बलवत्तर असते, असा आक्षेप यावर घेता येईल. बोलीतील शब्दांपुरता तो मान्य करावा लागेल. शास्त्रीय संज्ञेचे प्रयोजनच मुळी भेद दाखविणे हे असते. विषमज्वर आणि 'अ' प्रकारची कावीळ हे दोन्ही रोग 'जलजन्य' म्हणून ओळखले जातात. पैकी पहिला जिवाणूमुळे होतो व त्यावर प्रतिजैविके चालतात. दुसरा विषाणूमुळे होतो व त्यावर ती निरुपयोगी ठरतात. शुद्ध पाणी मात्र दोहोंनाही आवर घालते. एक संज्ञा वापरल्याने प्रतिबंध कळतो, उपचारातील भेद कळत नाही.

म्हणून 'जन्य' हे पद कारणापुरते राखून मार्गासाठी 'वाहित' हे पद योजणे इष्ट होईल. विषमज्वर जिवाणुजन्य व जलवाहित, डेंग्यू विषाणुजन्य व डासवाहित, हिवताप आदिजीवजन्य व डासवाहित. 'संसर्ग' हा शब्द प्रत्यक्ष संपर्कापुरताच ठेवावा. पाठ्यपुस्तकांतून ही जोडी रूढ झाल्यास औषध कशावर चालवावयाचे आणि वाट कोणती अडवावयाची, हे दोन्ही प्रश्न विद्यार्थ्यापुढे प्रथमपासूनच वेगळे उभे राहतील.