सांडलेल्या कणसांची गोष्ट

दसऱ्याच्या सुमारास अकोला-अमरावतीकडच्या वावरांत सोयाबीनची सोंगणी उरकली, की मागोमाग बाया सरवा वेचायला येतात. काळ्या ढेकळांत सांडलेल्या शेंगा, विळ्यातून निसटलेलं एखादं झाड. दिवस बुडेपर्यंत ओटी भरते. बायबलच्या जुन्या करारातलं ‘रूथ’ हे चार अध्यायांचं पुस्तक मराठीत वाचताना हाच शब्द समोर येतो, सरवा. तिथून ती गोष्ट आपल्या धुऱ्यावरची वाटू लागते.

फरक मोसमाचा. रूथच्या गोष्टीतल्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि सातू एप्रिलच्या आसपास पिकतो. तिकडच्याच गेझर इथे 1908 मध्ये चुनखडीची एक पाटी सापडली, इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकातली. तिच्यावर शेतीचे महिने कोरलेत आणि त्यांत एक महिना सातूच्या कापणीचा आहे. नामी आणि तिची विधवा सून रूथ बेथलेहेमात पोचतात त्या नेमक्या याच दिवसांत. बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचं घर’. त्या घरातलीच भाकर दुष्काळात संपली, म्हणून नामीचं कुटुंब मवाबात गेलं होतं; तिथे नवरा आणि दोन्ही मुलगे गेले. नावातला हा चटका लेखक बोलून दाखवत नाही. परतीची वेळ तेवढी सांगतो.

मवाब मृत समुद्रापलीकडे. बेथलेहेमच्या उंचवट्यावरून पूर्वेला त्याचे डोंगर दिसतात, जशी अचलपुराहून गाविलगडची निळी रांग. डोळ्यांना जवळ, मनाला लांब. मेळघाटातून सोंगणीला उतरलेल्या कोरकू बाईला नावाआधी तिचा डोंगर विचारला जातो, रूथचंही तसंच. नाव पुरेसं असतानाही लेखक तिला पुन्हा पुन्हा ‘मवाबी’ म्हणतो, कारण मवाब्यांना मंडळीत घेऊ नये असं नामीच्या लोकांचं शास्त्र सांगत होतं.

दुसरीकडे तेच शास्त्र बजावतं, की शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका. ते गरिबाचं आणि परक्याचं. आपल्याकडे सरवा मालकाच्या मर्जीवर. तिथे तो हक्क. म्हणून शेताचा मालक बवाजने रूथला वेचू दिलं यात विशेष काही नाही. विशेष पुढे आहे. तो गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम ओढून खाली टाका आणि तिला बोलू नका. म्हणजे देणारा दिसू नये. दान सांडल्यासारखं दिसावं. घेणारीची मान खाली जाऊ नये यासाठी केलेला हा लबाड हलगर्जीपणा म्हणजे या पुस्तकाचा गाभा.

दुपारी तो तिला भाजलेले दाणे देतो. आपण त्याला हुरडाच म्हणू. ती पोटभर खाते, तरी उरतात. सांजेला वेचलेलं झोडते तेव्हा एफाभर, म्हणजे सुमारे 22 लिटर, सातू निघतो. पुढे तिच्या वंशात दावीद राजा जन्मतो, हे शेवटच्या ओळींत येतं. पण त्या संध्याकाळी सातूचं ओझं सासूपुढे ठेवल्यावर ती आणखी एक गोष्ट काढून देते: दुपारचे उरलेले दाणे. तिने जेवतानाच घरचा वाटा धरला होता.